मास्तरांचा दुसरा आवाज

१२ फेब्रुवारी

दादा,

फोनवर वहिनीला निम्मंच सांगून झालं, कारण तिकडे दूध उतू जात होतं. ती म्हणाली, तुझा दादा इथेच उभा आहे, पण तू आपली लिहीच त्याला. तू फोन घेत नाहीस याचं मला आता काही वाटत नाही. तोंडाने बोलताना तुझं पहिलंच अक्षर दारात अडकतं, आणि कागदावर मात्र तू एकदा सुटलास की पाठपोट भरून वर समासातही लिहितोस. म्हणून हे पत्र, आणि त्यात एक मोठं काम.

मी जिथे नोकरी करते तिथे आवाज तपासतात, एवढं तुला माहीत आहे. कुणाला धमकीचा फोन येतो, पोलीस कुणाला तरी धरतात, आणि कोर्ट विचारतं, फोनवरचा आवाज याच माणसाचा का? ऐकणाऱ्याला वाटतं, हो, याचाच. पण वाटून भागत नाही. सर्दी झाली, झोप झाली नाही, बायकोशी भांडण झालं, की माणसाचा आवाज बदलतो. तेव्हा एक माणूस स्वतःपासूनच किती वेगळा असू शकतो आणि दोन परकी माणसं किती सारखी असू शकतात, हे आधी कळायला हवं. त्यासाठी रोजच्या साध्या माणसांचे पुष्कळ आवाज जमवून ठेवायचे. प्रत्येकाचा दोनदा, मध्ये दोन-तीन महिने सोडून. आमच्या विभागाच्या प्रमुख, त्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणतो, त्यांचं म्हणणं असं की हा संग्रह म्हणजे तराजू आहे. वजन काय भरेल ते पुढचं पुढे, आधी काटा खरा हवा.

इथे आमच्याकडे फक्त विद्यार्थी येतात आणि सगळे परीक्षा दिल्यासारखे बोलतात. मला तुझ्या खुर्चीत बसणारी माणसं हवीत. पंचविशीपासून साठीपर्यंतचे वीसेक पुरुष. पहिल्या भागात ओळखीच्या कुणाशी तरी फोनवर गप्पा मारायच्या. दुसऱ्या भागात इथून माझा सहकारी फोन करतो आणि पोलिसासारखी खोटी चौकशी करतो. माणसाच्या हातात एक चिठ्ठी असते, त्यात त्याने केलेला 'गुन्हा' लिहिलेला असतो, आणि तो त्याने लपवायचा. यंत्र, माईक, सगळं मी पेटीतून पाठवते. खोली मात्र शांत हवी.

एक लक्षात ठेव. दुसऱ्या वेळी माणूस आला नाही तर ती जोडीच फुकट. एक जरी गळला तर मोठ्या बाई माझी हजामत करतील, आणि त्यांचा हात तुझ्यासारखा हलका नाही.

तू स्वतः बसशील का?

बारकी


२४ फेब्रुवारी

बारके,

तुझी पेटी आली. दुकानात उघडली तर सगळी गिऱ्हाइकं खुर्च्या सोडून बघायला उठली, एक तर अर्ध्या गालाला फेस घेऊन. हे कशाला, ते कशाला. मी सांगायला लागलो. माझ्या हातात वस्तरा असतो म्हणून लोक माझं बोलणं संपेपर्यंत थांबतात. हा या धंद्यातला फायदा.

मागची खोली, जिथे आपण टॉवेल वाळत घालतो, ती मोकळी केली. भिंतींना रजया टांगल्या. घड्याळ काढलं. तरी बोललेलं घुमतच होतं. तेवढ्यात शेजारून मास्तर आले. तुला आपले शिंपी मास्तर आठवत असतील. वाढत्या अंगाचा म्हणून त्यांनी तुझा शाळेचा गणवेश असा शिवला होता की शाळा सुटल्यावर तो तुला नीट बसायला लागला. त्यांनी खोलीत उभं राहून एक टाळी वाजवली, परत गेले, आणि कोटाच्या जाड कापडाचे तागे खांद्यावर टाकून आले. कोपऱ्या-कोपऱ्यांत ते उभे केले. पुन्हा टाळी वाजवली. टाळी तिथल्या तिथे विरली. मास्तर म्हणाले, आता इथे माणूस खोटं बोलला तरी खरंच वाटेल.

पंक्चरवाला, बसचा ड्रायव्हर, पोस्टातला उंच गृहस्थ, शाळेतले सर, दवाखान्यातला कंपाउंडर, असे बरेच कबूल झालेत. मास्तरांना विचारावंच लागलं नाही. ते विचारत होते, अर्ध्याच तासाचं बोलायचं?

माझं विचारलंस. नाही. तुला हवी तेवढी माणसं मी बसवतो, मला बसवू नकोस. माझा आवाज एका पेटीत कायमचा राहणार आणि कुणीतरी कानाला यंत्र लावून तेच अडकलेलं अक्षर मागे-पुढे करून ऐकणार, हे मला सोसायचं नाही. तू वाईट वाटून घेऊ नकोस.

वहिनी विचारते, जेवतेस ना वेळेवर?

दादा


३० मार्च

दादा,

पहिली फेरी पोचली आणि आमच्याकडे जत्रा भरली. तुझ्या ड्रायव्हरने चौकशीत उलट आमच्याच माणसाला दम भरला. आमचा चौकशीवाला म्हणजे मुंगीला वाट देणारा माणूस. फोन ठेवल्यावर त्याने पाणी मागितलं.

पण सगळ्यांत वर मास्तर. त्यांच्या चिठ्ठीत लिहिलं होतं की तुम्ही शेजाऱ्याची मोटार ढापली आहे आणि हे काही झालं तरी कबूल करायचं नाही. मास्तरांनी दोन मिनिटांत कबूल केलं. वर म्हणाले, साहेब, मोटारीचं जाऊ द्या, तुमच्या आवाजावरून तुमचे खांदे उतरते वाटतात, तुम्हाला तयार कोट कधी नीट बसत नसणार. उरलेला वेळ त्यांनी फोनवरून त्याचं माप घेतलं. आणि खांदे खरंच उतरते आहेत रे त्याचे. मोठ्या बाईंनी दार बंद करून ते सगळं बोलणं पुन्हा ऐकवायला लावलं. त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

आवाज इतका स्वच्छ आलाय की मास्तरांच्या तोंडातली टाचणी एका गालातून दुसऱ्या गालात जाते तेही कळतं. त्यांना सांग, दुसऱ्या वेळी टाचणी काढून बसा. नको, सांगू नकोस. आहे तसंच बसू दे.

दुसरी फेरी जूनमध्ये. तू खूप केलंस. इथे सगळे तुला 'दुकानवाले दादा' म्हणतात आणि मी उगाच ताठ मानेने फिरते.

बारकी


२० जून

बारके,

दुसरी फेरी झाली. सगळ्या जोड्या पूर्ण आहेत. पेटी आजच पाठवली.

मास्तरांचंही झालं. त्यांच्या हाताला सध्या काम कमी आहे.

इकडे सगळं ठीक. वहिनी बरी आहे. घाईत आहे म्हणून आवरतो.

दादा


९ जुलै

दादा,

जूनचं तुझं पत्र म्हणजे पत्र नव्हे, तार होती. समास कोरे. मी पान उलटून मागेही पाहिलं. उन्हाळ्यात गिऱ्हाइकं वाढली का?

एक गंमत विचारायची आहे. यंत्र दोन आवाज जुळवून गुण देतं. तुझ्या सगळ्या माणसांच्या जोड्या छान जुळल्या, फक्त मास्तरांच्या दोन आवाजांना जेमतेम गुण पडले. चौकशीवाला म्हणतो, फोनची लाइन खराब असेल. तेच बोलणं, तीच टाचणी, तोच थाट, पण काहीतरी अंगात सैल आहे. आणि या वेळी मास्तर गुन्हा कबूल करेनात. शेवटपर्यंत पठ्ठ्याने दाद दिली नाही. मास्तरांना एखादा भाऊ आहे का रे? कामात असतील आणि भावाला पाठवलं असेल तर रागावू नकोस त्यांच्यावर, पण मला सांग.

*

काल इथवर लिहून पत्र टेबलावर ठेवलं होतं. आज पुन्हा कानाला लावून बसले.

आई-बाबा कामावर गेले की तू मला झोपवताना गोष्ट सांगायचास. दुकानदार, हेडमास्तर, बसचा कंडक्टर, प्रत्येकाचा आवाज वेगळा. एकाही आवाजात तू कधी अडकायचा नाहीस. आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी, मी झोपले की जागी हे बघायला, हळूच 'हं?' करायचास. कंडक्टरच्या आवाजातही. हेडमास्तरांच्याही.

या आवाजात ते 'हं?' आहे. चौकशीवाला प्रश्न विचारतो, उत्तर येतं, आणि मागून हळूच, हं?

दादा, हे तू का केलंस? मास्तर कुठे आहेत?

बारकी


१६ जुलै

बारके,

मास्तरांना मे महिन्याच्या शेवटी झटका आला. दुकानात कापड बेतताना. त्यांच्या हातातून कात्री पडली ती मी भिंतीपलीकडून ऐकली. कात्री हातातून पाडणारा माणूस नाही तो, म्हणून धावलो. उजवी बाजू गेली आणि जीभ जड झाली. आता घरी आहेत. थोडं चालतात. शब्द आठवत नाहीत, आठवले तर निघत नाहीत. त्यांच्या बायकोने हात जोडून सांगितलं, गिऱ्हाइकांत बोलू नका, दुकान बसेल. म्हणून तुलाही लिहिलं नाही. हे एक.

दुसरं. तू लिहिलं होतंस, एक जरी गळला तर तुझी हजामत होईल. थट्टेत लिहिलंस हे मला आज कळतंय. तेव्हा मला तुझी नोकरी दिसत होती. तुझं नाव तिथे माझ्यामुळे मोठं झालं होतं, ते माझ्यामुळेच खाली यायचं, असं डोक्यात बसलं. एका दुपारी दुकान बंद करून मागच्या खोलीत गेलो. म्हटलं, बघू तर. 'मास्तर, बसा,' म्हणालो, आणि मास्तरांच्या आवाजात उत्तर दिलं. ते इतकं हुबेहूब आलं की मलाच रडू फुटलं. मग गप्पांच्या भागासाठी वहिनीला स्वयंपाकघरातून फोनवर बसवलं. ती नको नको म्हणत होती. तिचा यात दोष नाही.

तिसरं लिहू की नको, दोन दिवस विचार करतोय. अर्धा तास, बारके. एकदाही अडकलो नाही. तुझा तो भला माणूस विचारत गेला आणि मी धडाधड उत्तरं देत गेलो. जन्मात मला कुणा परक्या माणसाने असं भराभर काही विचारलं नव्हतं. सगळे माझ्याशी हळू बोलतात. मोठा झाल्यावर मी नकला सोडल्या, कारण लोक पोट धरून हसायचे आणि मग म्हणायचे, बरं, आता तुझ्या आवाजात बोल. त्या दिवशी कुणी तसं म्हणालं नाही. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तिथेच बसून राहिलो. तुला मदत केली म्हणून बरं वाटत होतं की नुसतं बोलायला मिळालं म्हणून, हे मला आजही सांगता येत नाही.

बाकी सगळे आवाज खरे आहेत. ज्याचे त्याचे. विश्वास ठेव, म्हणायला तोंड नाही, तरी म्हणतो.

दादा


२५ जुलै

दादा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. मला राग आला आहे आणि तुला जवळ घ्यावंसंही वाटतंय. दोन्ही एकदम होऊ शकतं हे मला नवीन आहे.

आधी रागाचं. हा संग्रह उद्या कुठल्यातरी कोर्टात जाणार. कुणीतरी त्यावर बोट ठेवून म्हणेल, बघा, एकाच माणसाचे हे दोन आवाज इतके वेगळे आहेत, तेव्हा धमकी देणारा आणि हा आरोपी एकच असू शकतो. आणि तो आरोपी तुझ्या ड्रायव्हरसारखा कुणीतरी असेल, ज्याने काहीच केलेलं नाही. तू माझं नाव राखायला गेलास, पण त्या माणसाचं काय?

मी मोठ्या बाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. तू तोंडाने अडखळतोस तेही सांगितलं, कारण त्याशिवाय गोष्ट उभी राहत नव्हती. त्यांनी विचारलं, बाकीचे आवाज खरे कशावरून? मी म्हटलं, दादा म्हणतो. त्या म्हणाल्या, 'तुमच्यासाठी ते पुरे आहे. माझ्यासाठी नाही.' आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

ठरलं ते असं. मास्तरांची जोडी बाद. बाकी सगळ्यांचे आवाज कपाटात बंद, आणि चौकशीवाला ऑगस्टच्या अखेरीला स्वतः तिकडे येऊन प्रत्येकाला समोर बसवून पुन्हा एकदा ध्वनिमुद्रण करेल. जे जुळतील ते राहतील. मी यायचं नाही, कारण मी बहीण. माणसांना पुन्हा बोलवायचं काम तुझं. आणि दादा, त्यांना खरं कारण सांगून बोलवायचं. यंत्र बिघडलं वगैरे नाही.

हजामतीची थट्टा मी केली नसती तर, हेही मनात येतं. माझ्या थट्टेला तू खरं मानशील हे मला कळायला हवं होतं. तू माझं काहीच कधी थट्टेवारी नेलं नाहीस.

मास्तरांना भेटायला जातोस ना?

बारकी


२ सप्टेंबर

बारके,

तुझा चौकशीवाला काल परत गेला. चांगला माणूस आहे. मी त्याची दाढी केली. खांदे फारच उतरते आहेत.

आता पहिल्यापासून सांगतो. तुझं पत्र आलं त्या दिवसापासून रोज दुकान बंद केल्यावर एकेकाच्या दारात गेलो. दुकानात माझ्या हातात वस्तरा असतो. परक्याच्या दारात हात मोकळे, ते कुठे ठेवायचे कळत नव्हतं. 'मी तुमच्या नावाला बट्टा लावला' एवढंच म्हणायचं होतं, पण 'मी' म्हणायलाच इतका वेळ लागायचा की माणूस घाबरून विचारायचा, कुणी गेलं का?

कुणी गेलं नाही हे कळल्यावर बहुतेकांना सुटल्यासारखं होऊन ते हसायचे. पंक्चरवाला म्हणाला, तू माझीही नक्कल करत असशील, करून दाखव. ड्रायव्हरही तेच म्हणाला. कंपाउंडरने तर अख्ख्या घराला बोलावलं. मी कुणालाच दाखवली नाही. पोस्टातल्या उंच गृहस्थांनी शांतपणे ऐकलं आणि फक्त वेळ विचारली. शाळेतले सर मात्र आले नाहीत. म्हणाले, ज्या कामात एकदा लबाडी झाली त्यात मी नाही. त्यांनी दाढीसाठीही दुसरं दुकान धरलं आहे. त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही.

मास्तरांकडे शेवटी गेलो. सगळ्यांत जड तेच होतं. त्यांच्या आवाजाला हात घातला होता मी, आणि तोही त्यांच्याकडून तो गेलेला असताना. त्यांच्या बायकोसमोर सगळं सांगितलं. मास्तर ऐकत राहिले. मग त्यांची चांगली बाजू हसली. म्हणाले, 'काढ.' मला कळेना. पुन्हा म्हणाले, 'माझा. काढ.'

मी काढला. मोटारीचं आणि कोटाचं, पहिल्या वेळी ते बोलले होते तसंच. मास्तर डोळे मिटून ऐकत होते. त्यांची बायको उठून आत गेली आणि आत भांडी वाजायला लागली. मी थांबलो तर मास्तरांनी हाताने खूण केली, चालू दे. सगळं झाल्यावर म्हणाले, 'फार... बोलायचो.' मी म्हटलं, हो.

मग त्यांनी विचारलं, तो माणूस कधी येणार? मी म्हटलं, मास्तर, तुमचं नाव काढून टाकलंय, तुम्हाला त्रास नको. त्यावर ते जे म्हणाले त्याला किती वेळ लागला ते विचारू नकोस. पण सबंध म्हणाले.

'पहिला माझा घेतला. दुसराही माझाच घ्या.'

चौकशीवाल्याला सांगितलं तर तो गडबडला. म्हणाला, आजारी माणसाचा आवाज आमच्या नियमात बसत नाही. तेवढ्यात मास्तर दारात उभे. काठी टेकत, आणि स्वतः शिवलेला कोट घालून. बायकोने बटणं लावून दिली होती. तो बिचारा उठून उभाच राहिला.

गप्पांच्या भागाला समोर कोण, हा प्रश्न आला. मास्तरांना फोनवर कुणाशी बोलायची हिंमत होईना. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. मी नाही म्हणणार होतो. पण नाही म्हणायलाही मला वेळ लागतो, आणि तेवढ्यात त्यांनी मागच्या खोलीत जाऊन फोन उचलला होता.

मी दुकानातून बोललो. काय बोललो ते आठवत नाही. तू ऐकशीलच.

दादा


१४ सप्टेंबर

दादा,

ऐकलं.

आधी कामाचं सांगते. सगळ्यांचे आवाज जुळले. सर आले नाहीत, त्यांची जोडी गेली, बाकी सगळी माणसं कपाटातून बाहेर आली. मोठ्या बाईंनी माझ्यासमोर कागदावर सही केली आणि म्हणाल्या, आता मलाही पुरे आहे.

मग मास्तरांचं लावलं. तुम्हा दोघांच्या बाजू यंत्रात वेगवेगळ्या येतात, पण मी दोन्ही एकत्र लावल्या. तुला आठवत नाही म्हणतोस, म्हणून लिहिते. मास्तर तुला कोटाबद्दल काही सांगत होते. बायकोने कोटाला काय लावून दिलं, तो शब्द त्यांना सापडत नव्हता. तुला तो लगेच सापडला, पण तुझ्या ओठांवर 'ब' येऊन बसला तो हलेना. इकडे मास्तर शोधतायत, तिकडे तू ढकलतोयस. दोघंही एकाच बटणावर. दुसरं कुणी असतं तर चटकन सांगून मोकळं झालं असतं आणि मास्तरांनी मान हलवून सोडून दिलं असतं. तुला सांगता येईना म्हणून त्यांना वेळ मिळाला. 'बटण' मास्तर म्हणाले. आधी ते म्हणाले. मग तू म्हणालास. आणि मग दोघं जे हसत सुटलात, ते यंत्राचा काटा लाल रेघेपार जाईपर्यंत.

चौकशीवाला माझ्या शेजारी बसला होता. तो चष्मा पुसायला बाहेर गेला.

मोठ्या बाई म्हणाल्या, झटका येण्याआधीचा आणि नंतरचा, एकाच माणसाचा आवाज इतक्या चांगल्या खोलीत कुणी नोंदवलेला त्यांना माहीत नाही. मास्तरांसाठी त्या वेगळा कप्पा करणार आहेत. मग त्यांनी विचारलं, समोर कोण आहे? मी म्हटलं, माझा दादा. त्या म्हणाल्या, अडखळणाऱ्या माणसांचा आवाज आपल्याकडे एकही नाही. आपणच नियमात त्यांना वगळलं. उद्या अशा माणसावर आळ आला तर आपण त्याला कशाच्या शेजारी ठेवून बघणार?

पण नियम असा की समोरच्या बाजूने लेखी संमती दिलेली नसेल तर ती बाजू महिनाअखेरीला पुसायची. तुझं म्हणणं मला माहीत आहे, तू ते पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस. बाईंना तसं सांगितलं. तेव्हा मी तुला काही विचारत नाहीये, नुसतं कळवते आहे. तुझी बाजू मी पुसेन. माझ्या हाताने पुसेन, दुसऱ्या कुणाला देणार नाही.

त्याआधी आज पुन्हा एकदा ऐकलं. मला तुझा आवाज फार कमी ऐकायला मिळाला रे.

बारकी


१८ सप्टेंबर

बारके,

पुसू नकोस.

संमतीचे कोरे कागद पेटीच्या तळाशी उरले होते. एकावर सही करून सोबत पाठवतो आहे. त्यात एक रकाना आहे, बोलण्यात काही अडचण असल्यास लिहा. मी लिहिलं, अडखळतो. पुढे जागा उरली होती म्हणून लिहिलं, घाई असेल त्याने दुसऱ्याला विचारावं. हे चालत नसेल तर खोडून टाक, पण पहिला शब्द राहू दे.

वहिनीने सही करताना पाहिलं. तिने दिवा जवळ सरकवला.

नियम दोनदाचा आहे ना? मग नोव्हेंबरमध्ये मला पुन्हा बसायला लागेल. त्या वेळी चौकशीही होऊ दे. तुझ्या माणसाला सांग, भराभर विचार म्हणावं. उत्तर माझ्या वेळेने येईल.

मास्तरांचा हात अजून कात्री धरत नाही. दुकान त्यांचा पुतण्या बघतो. पण काल दुपारी ते माझ्या दुकानात येऊन बाकावर बसले. खुर्चीत एक नवखं गिऱ्हाईक होतं. मास्तर आरशातून त्याच्याकडे बघत त्याच्या कॉलरबद्दल काही सांगायला लागले. मध्येच शब्द हरवला. मी त्या माणसाची दाढी संपवली, तोंड पुसलं, तुरटी फिरवली. तो उठला, पैसे ठेवले, दारापर्यंत गेला. वाक्य अजून अर्ध्यावरच होतं. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी वस्तरा खाली ठेवला आणि मास्तरांकडे वळलो. तेव्हा तो परत आला आणि मास्तरांशेजारी बाकावर बसला.

आम्ही दोघं थांबलो. वाक्य थांबून ऐकण्याजोगं होतं.

तुझा
दादा